पटावर खिंडच नव्हती: एका फँटसी स्ट्रॅटेजी गेमच्या दुसऱ्या भागात लढाई कशी सुधारली

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईतल्या एका छोट्या गेम स्टुडिओचं आहे. गेमचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. अंधेरी पूर्वेला मरोळच्या बाजूला औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आम्ही ११ जण काम करायचो. लढाईचे नियम ठरवणं हे माझं काम.

पहिला भाग स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आला आणि बरा चालला. किनारपट्टीचा एक काल्पनिक मुलूख, त्यात गावं, गढ्या, जलदुर्ग. सैन्यात भालेकरी, गोफणकरी, घोडेस्वार आणि त्यांच्या जोडीला कोकणातल्या गोष्टींमधले राखणदार, वेताळ, चकवा, गिऱ्हा. मोठ्या नकाशावर पाळीपाळीने मुलूख वाढवायचा आणि दोन सैन्यं समोरासमोर आली की लढाईचा वेगळा पट उघडायचा. हा साचा आमचा नाही. १९९४ च्या ‘मास्टर ऑफ मॅजिक’मध्ये तो होता आणि १९९९ च्या ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’मुळे आमच्या पिढीतल्या अनेकांच्या अंगवळणी पडला. सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन तो खेळलेली आम्ही मुलं, त्यामुळे तशी लढाई आपणही करावी ही मनापासूनची इच्छा होती.

अडचण

लोकांना नकाशा आवडला, चित्रं आवडली, भुतं तर फारच आवडली. लढाई मात्र आवडली नाही. अभिप्रायांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत यायची, की दहा लढाया लढलो तरी एकच लढाई लढल्यासारखं वाटतं. परवानगी दिलेल्या खेळाडूंच्या नोंदी पाहिल्या तर पहिल्या चार-पाच लढाया लोक स्वतः लढत होते आणि त्यानंतर ‘आपोआप लढा’ हे बटण दाबून पुढे जात होते. ज्या भागावर आमचे सर्वांत जास्त तास गेले होते तोच भाग लोक टाळत होते.

आमचं पहिलं निदान चुकलं. आम्हाला वाटलं, विविधता कमी पडते आहे. म्हणून दुसऱ्या भागासाठी ९ नवे लढवय्ये आणि १४ नवे मंत्र अशी यादी केली आणि जवळजवळ तीन महिने तीच पुरी करत बसलो. नवा लढवय्या पटावर आला की आठवडाभर उत्साह टिकायचा, मग लढाई पुन्हा मूळ पदावर.

चूक दाखवली ती आमच्याबाहेरच्या माणसाने. दर शनिवारी दादरला एका शिकवणीचा वर्ग भाड्याने घेऊन आम्ही लोकांना गेम खेळायला बोलवायचो. बहुतेक जण कॉलेजातले. त्यांच्यातल्या एकीचे आजोबा, बँकेतून निवृत्त झालेले आणि परिसरातल्या मुलांना बुद्धिबळ शिकवणारे, एकदा सोबत आले. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. दोन तास ते नुसते बघत होते. मग मला जवळ बोलावलं.

“अरे, या तुझ्या घोडेस्वारात आणि भालेकऱ्यात फरक काय?”

“काका, घोडेस्वार नऊ घरं जातो, भालेकरी सहा.”

“आणि पट केवढा? दहा घरांचा. म्हणजे एक आज पोचतो, दुसरा उद्या. बाळा, तू सगळेच वजीर करून ठेवलेस. सगळेच वजीर असले की घराला किंमत राहत नाही.”

त्या रात्री घरी जाताना मी आकडे मांडले. काकांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. दुसऱ्या पाळीला प्रत्येक जण प्रत्येकाला भिडलेला असायचा. धनुर्धाऱ्यांचा बाण पटाच्या या टोकाकडून त्या टोकापर्यंत जायचा. त्यात एक बाजू पूर्ण खेळली की मग दुसरी बाजू खेळणार, अशी पाळीची रचना. ज्याची पाळी आधी, त्याचे सगळे धनुर्धारी एकाच शत्रूवर बाण सोडणार, समोरचे दोन गडी उत्तर देण्याआधीच आडवे, आणि लढाई तिथेच संपली.

याचं गणित जुनं आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ च्या पुस्तकात ते मांडलं. प्रत्येक जण कोणावरही मारा करू शकत असेल, तर सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सारख्याच कुवतीचे ६ विरुद्ध ६ असोत आणि पहिल्या फेरीत एका बाजूचे २ पडले, की उरतात ६ विरुद्ध ४. वर्ग ३६ आणि १६, फरक २०, त्याचं वर्गमूळ साधारण साडेचार. म्हणजे हरणारा पुरता संपतो तेव्हा जिंकणाऱ्याचे चार-पाच गडी शाबूत असतात. आमचा खेळाडू पहिल्याच पाळीनंतर निकाल ओळखत होता आणि पुढच्या पाच पाळ्या नाइलाजाने क्लिक करत होता. त्याने बटण दाबलं यात त्याची काही चूक नव्हती.

लँचेस्टरचा आणखी एक नियम मात्र वेगळं सांगतो. एका वेळी एकास एक अशीच गाठ पडत असेल तर वर्ग गळून पडतो आणि साधी वजाबाकी उरते. तेव्हा ८ विरुद्ध ६ मध्ये जिंकणाऱ्याचे दोनच उरतात. मोकळ्या मैदानात त्याच ८ जणांपैकी पाचाहून जास्त वाचले असते. हे मी टीमला फळ्यावर समजावत होतो तेव्हा आमची चित्रकार म्हणाली, “दादा, म्हणजे घोडखिंड.” बस. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभूंनी मूठभर माणसांनिशी पाठलागावरच्या मोठ्या फौजेला ज्यामुळे थोपवलं, ती जागा. आमच्या पटावर नेमकी तीच गोष्ट नव्हती. आम्ही नऊ नवी भुतं आणली, पण त्यांना उभं करायला एक खिंड दिली नाही.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग म्हणजे यादी पुरी करणं आणि लढाईचे नियम तसेच ठेवणं. वेळेत झालं असतं. निर्मात्यांचा कल सुरुवातीला इकडेच होता आणि पैशाच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं चुकत नव्हतं.

दुसरा, लढाई काढूनच टाकायची आणि सगळं आपोआप ठरवायचं. यावर एक पूर्ण दुपार गेली. मला तो विचार सहन होत नव्हता, पण सुचवणाऱ्याचा मुद्दा प्रामाणिक होता: लोक टाळतातच, तर त्यावर खर्च का करायचा?

तिसरा, नियम मुळापासून बदलायचे. हाच निवडला. पण त्याच्या पोटात आणखी दोन मोठे निर्णय होते.

एक, फाशाचं काय करायचं? पहिल्या भागात वार लागण्याची शक्यता ७५ टक्के होती आणि लागलाच तर ४ ते १६ इजा. सलग तीन वार हुकण्याची शक्यता ६४ मध्ये १. कागदावर ती लहान दिसते, पण एका मोहिमेत शेकडो वार होतात, त्यामुळे प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला ते येणारच आणि तेच त्याच्या लक्षात राहणार. ‘सिव्हिलायझेशन’ या गेमचे कर्ते सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हेच सांगितलं होतं: ३ विरुद्ध १ अशी अनुकूल शक्यता दाखवून हरवलं, तर खेळणाऱ्याला ते पटत नाही. ‘फायर एम्ब्लेम’च्या २००२ पासूनच्या काही भागांनी यावर शांतपणे तोड काढली. एकाऐवजी दोन आकडे काढायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. त्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसतं तेव्हा खरी शक्यता ९८ च्या वर असते आणि ७० दिसतं तेव्हा ८२ च्या वर. खेळाडू खूश राहतो. टीममधल्या दोघांना हा उपाय हवा होता. मी विरोध केला, आणि तो विरोध आजही कायम आहे. ज्या खेळात माणसाने विचार करून पाऊल टाकावं असं आपण म्हणतो, त्यात त्याला दाखवलेला आकडा खराच असला पाहिजे.

दुसरं टोक म्हणजे २०१८ चा ‘इंटू द ब्रीच’. ८ बाय ८ चा पट, शत्रू पुढे काय करणार ते आधीच दिसतं, इजा ठरलेली. फार सुंदर खेळ आहे तो. पण तिथे लढाई म्हणजे कोडं असतं. आमच्या नकाशावर दर वेळी वेगळं सैन्य घेऊन येणाऱ्या खेळाडूला दर वेळी कोडं पुरवणं आम्हाला जमलं नसतं.

आम्ही मधली वाट घेतली. वार नेहमी लागणार, इजा ८ ते १२. हुकलेले वार धरून सरासरी इजा साडेसातवरून १० वर गेली, म्हणून भालेकऱ्याचं बळ, म्हणजे मरेपर्यंत तो सोसू शकतो ती इजा, २४ चं ३२ केलं. मरायला लागणारे सरासरी वार तेवढेच राहिले, बेभरवसा तेवढा गेला. आणि ‘चाहूल’ ही गोष्ट फक्त वेताळासारख्या महाकाय लढवय्यांसाठी घेतली. वेताळ वार करण्याआधी एक पाळी कुठली घरं हादरणार ते दाखवतो.

दुसरा निर्णय चौकोन की षट्कोन हा. चौकोनी पटावर तिरपं पाऊल सरळ पावलाच्या १.४१ पट लांब असतं, तरी आम्ही ते एकच धरत होतो. शिवाय दोन पहारेकऱ्यांच्या मधून शत्रू तिरका निसटायचा. षट्कोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. पण पहिल्या भागातली ४० रणांगणं चौकोनी होती आणि ती सगळी पुन्हा काढावी लागणार होती. चित्रकार आणि तिचा सहकारी यांच्यावर हा भार किती येईल, ते बैठकीत आम्ही पुरेसं विचारलंच नाही. निर्णय झाला, षट्कोन. ४० ऐवजी १४ रणांगणं, पण प्रत्येकावर निदान एक अशी जागा जी धरली तर लढाई फिरेल: खिंड, साकव, गढीचा दिंडी दरवाजा, भरतीत बुडणारी वाट.

काय केलं

नवे नियम संगणकावर घालण्याआधी कागदावर खेळायचं ठरलं होतं. ते आम्ही टाळत होतो, कारण काम केल्यासारखं वाटत नाही. जुलैतल्या एका दुपारी पाऊस असा कोसळला की गाड्या बंद पडल्या आणि सगळे गाळ्यात अडकले. तेव्हा कार्डशीटवर षट्कोन आखले, कॅरमच्या सोंगट्या घेतल्या, काळ्या एका बाजूला आणि पांढऱ्या दुसऱ्या बाजूला. रात्री साडेदहापर्यंत खेळलो. त्या एका बैठकीत जेवढे नियम मोडले आणि घडले, तेवढे आधीच्या तीन महिन्यांत झाले नव्हते.

चाल कमी केली. भालेकरी ३ घरं, घोडेस्वार ५. बाणाची पोच ४ घरं. पाळी बुद्धिबळासारखी, एक तुझी आणि एक माझी. ज्याच्याकडे गडी जास्त त्याला शेवटी सलग चाली मिळतात असं दिसलं, म्हणून ज्याचे कमी त्याला एकदा ‘थांब’ म्हणायची मुभा दिली.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम ‘राखण’. राखणदाराच्या किंवा भालेकऱ्याच्या शेजारच्या घरात शत्रू आला की त्याची चाल तिथेच संपते आणि तिथून सुटायचं तर एक वार खावा लागतो. अशी कल्पना अनेक खेळांत आहे. २००३ पासून मोफत मिळणाऱ्या ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’मध्ये तर ती लढाईच्या मुळाशीच आहे. टीममधल्या नवख्या मुलाला ती पटेना. पटावर एवढी रिकामी घरं असताना एकच माणूस तीन घरं कशी अडवणार, असं तो विचारत राहिला. तो रोज विरारहून यायचा. त्याला विचारलं, गाडीच्या दारात दोन माणसं उभी असली तर आत जागा असून तुला शिरता येतं का? त्यानंतर त्याने तो प्रश्न विचारला नाही, उलट राखणीचं प्रोग्रॅमिंग त्यानेच केलं.

राखण आली आणि जुनी भुतं एकदम कामाची झाली. यातला आनंद सांगण्यासारखा आहे. चकवा म्हणजे वाट चुकवणारा, म्हणून त्याला राखण लागू होत नाही, तो पहाऱ्यातून सरळ पलीकडे जातो. पहिल्या भागात ही शक्ती असून नसल्यासारखी होती, कारण पहाराच नव्हता. गिऱ्हा पाण्यातून काठावरच्या गड्याला एक घर आत ओढतो. पूर्वी हा निव्वळ देखावा होता, आता साकवावर उभी असलेली गड्यांची फळी त्याने मोडते. नव्या ९ लढवय्यांपैकी ६ आम्ही काढून टाकले. त्यांची गरज उरली नव्हती.

मग संगणकाच्या बाजूने खेळणाऱ्या प्रोग्रॅमचा प्रश्न आला. तो जवळचा शत्रू दिसला की धावायचा. त्याला प्रत्येक घराचं मोल काढायला शिकवलं: इथे उभा राहिलो तर किती इजा करीन, किती खाईन, कोणाची वाट अडवीन. तो शिकला आणि लढाई थांबली. दोन्ही बाजूंना खिंडीत उभं राहणंच फायद्याचं, मग पुढे कोण येणार? वीस-वीस पाळ्या कोणी हलेना. इथे दोन सूचना होत्या. एक, खिंडीचा फायदा कमी करायचा. दुसरी, ज्याने मोठ्या नकाशावर हल्ला केला त्यानेच पुढे यायचं, १२ पाळ्यांत निकाल लागला नाही तर त्याचा दाणागोटा संपतो आणि तो माघार घेतो. दुसरी घेतली. सोबत गोफणकऱ्याला पहिल्या रांगेच्या डोक्यावरून मारा करू दिला, म्हणजे बचाव करणाऱ्यालाही नुसतं बसून राहता येत नाही.

जिथे घसरलो

‘आपोआप लढा’ या बटणामागचं सूत्र आम्ही बदललंच नव्हतं. ते अजूनही दोन्ही सैन्यांच्या बळाची बेरीज करून निकाल देत होतं. हाताने लढून तीन राखणदारांनी खिंड राखता यायची, बटण दाबलं की तेच तिघे मरायचे. आणखी वाईट म्हणजे मोठ्या नकाशावरचा शत्रूही हल्ला करावा की नाही, हे त्याच सूत्राने ठरवत होता. त्याला वाटायचं, समोर फक्त तिघे आहेत. तो यायचा, खिंडीत मरायचा, पुढच्या पाळीला पुन्हा यायचा. हे आम्हाला कळलं ते प्रकाशनाला सहा आठवडे उरले असताना, आणि तेही काकांच्या नातीमुळे. ती म्हणाली, “शत्रू इतका मूर्ख का वागतो? मी त्याला त्याच वाटेवर पाच वेळा मारलं.”

तीन उपाय होते. सूत्रात जागेचा गुणक घालायचा, हे स्वस्त पण ओबडधोबड. बटण काढायचं, पण शेवटच्या किरकोळ लढाया कोणालाच हाताने लढायच्या नसतात. किंवा पडद्यामागे खरी लढाई, चित्रांशिवाय, दोन्ही बाजूंनी संगणकाकडून खेळवून तिचा निकाल द्यायचा. शेवटचा उपाय निवडला. लढाई एकदाच खेळवायची आणि तिचे फासे आधीच ठरलेले, म्हणजे मागचा सेव्ह उघडून हवा तो निकाल येईपर्यंत बटण दाबत बसता येत नाही. मोठ्या नकाशावरच्या शत्रूसाठी मात्र एवढं गणित दर पाळीला परवडेना, जुन्या लॅपटॉपवर पाळी अडखळायची. तिथे गुणकावरच भागवलं. प्रकाशन पुढे ढकललं आणि त्याचा ताण सगळ्यांवर आला.

निकाल

लोक लढाया लढू लागले. सगळ्या नाही, ज्यांचा निकाल आधीच स्पष्ट असतो त्या अजूनही बटणावरच जातात आणि ते योग्यच आहे. पण अटीतटीच्या लढाया हाताने लढल्या जात आहेत आणि अभिप्रायांत लोक जागांची नावं घेऊ लागले: साकवावर काय झालं, भरती आली तेव्हा काय झालं. पहिल्या भागाच्या अभिप्रायांत एकाही रणांगणाचा उल्लेख आम्हाला सापडला नव्हता.

नाराजीही आहे. पहिल्या भागाच्या काही चाहत्यांना चाल संथ वाटते, लढाई लांबते असं ते म्हणतात, आणि मोठ्या सैन्यांच्या बाबतीत ते खरं आहे. नकाशावरचा शत्रू खिंडीचा अंदाज अजूनही कधीकधी चुकवतो.

पुन्हा करायचं तर

कागदावरचा खेळ पहिल्या आठवड्यात मांडायचा, त्यासाठी पावसाने अडकवायची वाट बघायची नाही. कार्डशीट आणि सोंगट्यांना खर्च काहीच नव्हता, आणि त्या तीन महिन्यांत रंगवलेले सहा लढवय्ये वाया गेले नसते.

नियम बदलला की तो आणखी कुठे वापरला जातो याची यादी आधी करायची. लढाईचं सूत्र तीन ठिकाणी होतं, पट, बटण आणि नकाशावरचा शत्रू. आम्ही एकच पाहिलं. हा दोष माझा, कारण तिन्ही ठिकाणं माहीत असलेला मी एकटाच होतो.

षट्कोनाचा निर्णय मी पुन्हा तोच घेईन, पण ज्यांना तो हाताने काढायचा आहे त्यांना आधी विचारून. आमच्या चित्रकाराने नंतर सांगितलं की १४ रणांगणांऐवजी ८ रणांगणं आणि त्यांच्या भरती-ओहोटीच्या, दिवस-रात्रीच्या आवृत्त्या केल्या असत्या तर निम्मं काम वाचलं असतं आणि पट जास्त वेगळे वाटले असते. तिचं बरोबर आहे. पुढच्या मोठ्या अपडेटची रणांगणं आता ती ठरवते, आणि मोठ्या सैन्यांची लढाई लहान कशी करायची यावर मी काकांबरोबर पुन्हा सोंगट्या मांडल्या आहेत. त्यांचं म्हणणं आहे की दोन फळ्यांपेक्षा जास्त गडी एका वेळी पटावर येऊच द्यायचे नाहीत, उरलेले मागे थांबतील. या शनिवारी ते करून बघणार आहोत.